खांद्यावरचे नाव : मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे चरित्र शिकवताना

दरवर्षी १ जानेवारीला आमच्या शाळेच्या व्हरांड्यात नववीचे विद्यार्थी भित्तिपत्रक लावतात. भीमा कोरेगावचा स्तंभ, सुभेदार रामजी सकपाळ, महार रेजिमेंटचे बोधचिन्ह ही चित्रे त्यावर ठरलेलीच. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्रातून कापलेले एक छायाचित्र त्यात चिकटवले आणि खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले : ‘मेजर रामस्वामी परमेश्वरन, परमवीरचक्र’. नाव वाचताच मागच्या रांगेत हसू फुटले. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या मुलांच्या भित्तिपत्रकावर ‘परमेश्वर’ अवतरला म्हणून ते हसू होते आणि आम्हालाही ते आवरले नाही. हसू ओसरल्यावर एकाने विचारले, “सर, हे आपल्यातले होते काय?”

‘नाही’ असे आम्ही उत्तर दिले. लगेच दुसरा प्रश्न आला, “मग इथं कशाला?” आणि त्यावर एका मुलीचा तिसरा, “सर, आपण तर बौद्ध. मग अजून महार रेजिमेंट असं काहून म्हणतात?” तेवढ्यात तासाची घंटा झाली. घाईघाईने दिलेल्या उत्तराने मुलांचे समाधान झाले नाही आणि आमचेही नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ते अर्धवट राहिलेले उत्तर पूर्ण करावे, असे आम्ही ठरवले.

रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ रोजी मुंबईत झाला. कुटुंब तमिळभाषक. माटुंगा-शीव भागात स्थायिक झालेल्या दाक्षिणात्य मंडळींनी चालवलेल्या साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत आणि पुढे त्याच संस्थेच्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९६८ मध्ये ते विज्ञान शाखेचे पदवीधर झाले. त्या काळी मुंबईतल्या पदवीधर तरुणापुढे बँक, विमा, रेल्वे, एखादी कंपनी अशा वाटा मोकळ्या होत्या. त्यांनी सैन्याची वाट धरली. १९७१ मध्ये ते मद्रासच्या अधिकारी प्रशिक्षण शाळेत दाखल झाले. १६ जून १९७२ रोजी, बांगलादेशचे युद्ध संपून बरोबर सहा महिने होत असताना, हा पंचविशीतला तरुण सेकंड लेफ्टनंट म्हणून १५ महार या पलटणीत रुजू झाला.

पायदळातील अधिकारी आणि जवान खांद्यावर आपल्या रेजिमेंटचे नाव धारण करतात. म्हणजे त्या दिवसापासून या दाक्षिणात्य तरुणाच्या खांद्यावर ‘महार’ हे नाव आले. हे नाव खांद्यावर येणे किती मोठी गोष्ट होती हे कळायला आपल्याला मागे जावे लागेल.

इंग्रजांच्या मुंबई लष्करात महार शिपायांची संख्या मोठी होती. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांमध्ये ‘नाक’ हा प्रत्यय असलेली बावीस नावे आहेत. तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ती बोट ठेवून मोजायला आम्ही सांगतो. मोबाईलवर फिरणारे फुगवलेले आकडे पाठ करण्यापेक्षा बावीस नावे स्वतः मोजणे अधिक मोलाचे, असे आमचे मत आहे. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभास भेट दिली, ती याच नावांसाठी.

पण लष्कर म्हणजे केवळ लढाई नव्हती. गावात ज्याला येसकरकी करावी लागे, मेलेले ढोर ओढावे लागे, त्याला पलटणीत नियमित पगार होता, निवृत्तिवेतन होते आणि विशेष म्हणजे शाळा होती. लष्करी छावणीत शिपायांच्या मुलांना आणि मुलींनाही शिक्षण मिळे. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांचा जन्म झाला तोही महूच्या छावणीत. आमच्या समाजातील पहिली साक्षर पिढी कोठे घडली असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर बऱ्याच अंशी छावणीत सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा दरवाजा बंद झाला. ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिगरलढाऊ जाती’ अशी विभागणी इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी केली आणि ज्यांच्या पूर्वजांची नावे त्यांनीच दगडावर कोरली होती, त्यांना बिगरलढाऊ ठरवले. पराक्रमाचा पुरावा त्यांच्याकडे होता, पण अस्पृश्याबरोबर एका पंगतीत, एका बराकीत राहायला इतरांची तयारी नव्हती आणि सरकारने त्या इतरांची मर्जी राखली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याच दशकात याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा मागणी मांडली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आमच्या समाजाने अनुभवातून शिकली आहे.

पुढचा टप्पा बाबासाहेबांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली आणि महारांची स्वतंत्र पलटण उभारण्याचा आग्रह त्यांनी तेथे धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण उभी राहिली ती आपल्या विदर्भात, कामठीला. रेजिमेंटचे पहिले बोधचिन्ह या दुसऱ्या पलटणीतील एका अधिकाऱ्याने तयार केले होते. त्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि खाली ‘महार’ ही अक्षरे. १९४६ मध्ये रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले तेव्हा तिचे केंद्रही काही काळ कामठीस होते. पुढे ते मध्य प्रदेशातील सागर येथे गेले. स्वातंत्र्यानंतर बोधचिन्हावरचा स्तंभ गेला. आज तेथे दोन व्हिकर्स मशीनगन आणि मधोमध कट्यार आहे, ब्रीद ‘यश सिद्धी’. स्तंभ गेला याची खंत आम्हाला वाटते, ती लपवण्याचे कारण नाही.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धात झांगड येथे याच रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांनी महावीरचक्र मिळवले. त्यानंतर रेजिमेंट विस्तारत गेली, नव्या पलटणी आल्या, १९५६ मध्ये सीमेवरील स्काउट दलाच्या तीन पलटणी तिच्यात सामील झाल्या. पंजाबपासून दक्षिणेपर्यंतचे जवान तिच्यात दिसू लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जी रेजिमेंट एका बहिष्कृत जातीसाठी मागून, झगडून मिळवलेली होती, ती सर्वांसाठी खुली झाली, पण तिचे नाव बदलले नाही. उलट जो कोणी तिच्यात आला त्याने ते नाव धारण केले. पुढे भूदलाचे प्रमुख झालेले जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी यांची लष्करी कारकीर्दही याच रेजिमेंटमध्ये सुरू झाली.

गावकुसात जो शब्द शिवीसारखा उच्चारला जाई, तोच शब्द खांद्यावर लावून मुंबईतला एक पदवीधर अभिमानाने कवायतीच्या मैदानावर उभा राहिला. कोणी भाषण केले नाही, ठराव केला नाही. नियमच तसा होता, म्हणून ते घडले. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे शोधतो. आपण १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर जुनी ओळख टाकली आणि ती टाकणे योग्यच होते. पण रेजिमेंटवरचे नाव ही जातीची ओळख राहिलेली नाही. तो एका लढ्याचा दस्तऐवज आहे. दस्तऐवजावरचा मजकूर कोणी खोडत नाही.

परमेश्वरन १५ महारमध्ये आठ वर्षे होते. त्यानंतर ५ महारबरोबर ईशान्येकडे, मिझोराम आणि त्रिपुरात त्यांनी सेवा केली. जवान त्यांना ‘परी साहेब’ म्हणत. सैन्यात अधिकाऱ्याचे नाव जवानांनी प्रेमाने लहान करणे हा मोठा बहुमान समजला जातो, असे सैन्यातून निवृत्त झालेले आमचे पालक सांगतात.

२९ जुलै १९८७ रोजी भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला. श्रीलंकेतील तमिळ संघटनांनी शस्त्रे खाली ठेवावीत, तमिळ भागाला स्वायत्तता मिळावी आणि भारतीय शांतिसेनेने त्यावर देखरेख करावी, असे त्याचे स्वरूप होते. अगदी सुरुवातीला तेथे पोहोचलेल्या पलटणींमध्ये ८ महार होती आणि मेजर परमेश्वरन यांची नेमणूक आता तिच्यात झाली होती. शस्त्रे गोळा करायला गेलेली ही सेना ऑक्टोबरमध्ये लिट्टेविरुद्धच्या उघड युद्धात ओढली गेली. आम्ही तेव्हा विद्यार्थिदशेत होतो. आकाशवाणीच्या बातम्यांत ‘जाफना’ हा शब्द रोज येई आणि आमच्या गावात तो नकाशावर कोठे आहे हे कोणालाही दाखवता येत नव्हते. कोण कोणाशी आणि कशासाठी लढत आहे, हे तर त्याहून अवघड.

२४ नोव्हेंबर १९८७. जाफना द्वीपकल्पातील कंदरोडै या गावी एका घरात शस्त्रसाठा उतरल्याची खबर ८ महारला मिळाली. शोधमोहीम झाली. तेथून परतताना रात्री उशिरा मेजर परमेश्वरन यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी गोळीबार सुरू केला.

दबा धरून केलेल्या हल्ल्याचे तंत्र विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते, नाहीतर पुढचे शौर्य कळत नाही. हल्लेखोराने जागा आधी निवडलेली असते, बंदुका आधीच रोखलेल्या असतात, अंधार त्याच्या बाजूचा असतो. गोळ्या सुरू होताच माणूस स्वाभाविकपणे जमिनीवर पडतो आणि तिथेच खिळतो. हल्लेखोराला नेमके तेच हवे असते. वाचण्याचा मार्ग एकच, त्या जागेतून बाहेर पडून हल्लेखोराच्या बाजूने किंवा मागून त्याच्यावर चालून जाणे. पण सर्व शरीर ‘पडून राहा’ म्हणत असताना पहिले पाऊल कोणीतरी टाकावे लागते. कंपनी म्हणजे शंभरावर माणसे. तिच्या मेजरने मागे राहून हुकूम दिला असता तरी नियमाने ते चालले असते.

मेजर परमेश्वरन यांनी डोके शांत ठेवून अतिरेक्यांना मागच्या बाजूने वळसा घातला आणि त्यांच्यावर धाव घेतली. आपणच वेढले जाऊ अशी त्यांची अपेक्षा नव्हती. हातघाईची लढाई झाली. एकाने मेजरच्या छातीत गोळी घातली. त्या अवस्थेत त्यांनी त्याच्याच हातातली रायफल हिसकावून त्याला ठार केले. जखम प्राणघातक होती, तरी श्वास चालू होता तोवर ते जवानांना हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती आले, सापळा मोडला. २५ नोव्हेंबर रोजी मेजर परमेश्वरन यांचा मृत्यू झाला. वय एक्केचाळीस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. शांतिसेनेतील हे एकमेव आणि महार रेजिमेंटचेही पहिले व आजवरचे एकमेव परमवीरचक्र होय. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीरचक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली, त्यांत एक बेट त्यांच्या नावाचे आहे.

आता त्या युद्धाविषयी. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परत आली तोवर सुमारे बाराशे भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले होते. जाफन्यातील सामान्य तमिळ नागरिकांनीही या युद्धात फार सोसले. हे इतिहासाच्या शिक्षकाने गाळू नये. सरकारने सैन्य का पाठवले, कोणत्या तयारीने पाठवले, यावर कठोर टीका झाली आणि आमच्या मते त्यातली बरीचशी योग्य होती. निर्णयाचा हिशेब दिल्लीला विचारावा. त्या रात्री अंधारात उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात तो टाकू नये. शिवाय परमेश्वरन स्वतः तमिळभाषक होते. समोरच्या अंधारातून येणाऱ्या आरोळ्या त्यांच्या आईच्या भाषेत होत्या. या गोष्टीचा विचार आम्ही वर्गात करतो तेव्हा मुले गप्प होतात.

शाळा बुद्धविहाराच्या सावलीत आहे आणि जिल्हा सेवाग्रामचा. तेव्हा ‘बुद्धाच्या शाळेत बंदुकीचा सन्मान कशाला?’ हा प्रश्न आम्हाला पालकांकडूनही आला आहे, आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगताना म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची पारंपरिक कथा बाजूला ठेवली. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेला तंटा मध्यभागी आणला. सेनापतीने युद्धाचा प्रस्ताव मांडला आणि तरुण सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्यांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, ही त्याची सूचना बहुमताने फेटाळली गेली. आम्ही हा प्रसंग नेहमी परमेश्वरन यांच्या धड्याच्या आदल्या दिवशी शिकवतो. हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवला आहे.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. वैशालीच्या सेनापतीने बुद्धाला अहिंसेविषयी विचारलेल्या प्रश्नाचा दाखला त्यांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधातही दिला. अहिंसा हे तत्त्व आहे, नियमाची बेडी नव्हे, असा त्यांचा आशय. त्या भेदाची कसोटी कंदरोडैच्या रात्रीला लावून पाहा, असे आम्ही दहावीच्या मुलांना सांगतो. एक गट म्हणतो, स्वतःच्या जवानांना वाचवणे ही गरज होती. दुसरा म्हणतो, मुळात तेथे जाण्याचीच गरज नव्हती. आम्ही निकाल देत नाही.

आणि त्या गावाविषयी एक गोष्ट, जी आम्हाला बऱ्याच उशिरा वाचायला मिळाली. कंदरोडै येथे प्राचीन बौद्ध अवशेष आहेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पॉल पीरिस यांनी तेथे उत्खनन केले. प्रवाळाच्या दगडात बांधलेल्या लहान लहान स्तूपांचा एक समूहच तेथे उभा आहे, ताडांच्या मध्ये, गुडघ्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत. बाबासाहेब १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, ते कँडीला, बेटाच्या मध्यभागी. उत्तर टोकावरच्या या स्तूपांवर मात्र आजही वाद आहे. ते सिंहली बौद्धांचे की तमिळ बौद्धांचे, यावरून दोन्ही बाजू भांडतात. एकेकाळी तमिळ माणूसही बौद्ध होता, हे दोन्ही बाजूंच्या पुष्कळांना आज अडचणीचे वाटते. ‘हे आपल्यातले होते काय?’ हा आमच्या व्हरांड्यातला प्रश्न तेथे दगडांनाही विचारला जातो.

आमचे उत्तर असे की, ते आपल्यातले होते. त्यांनी आपल्या पूर्वजांचे नाव स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि ते नाव खांद्यावर असताना ते गेले. ज्या सेनेने आपल्याला ‘लढाऊ’ मानायला नकार दिला होता, तिचा सर्वोच्च सन्मान त्या नावाला त्यांच्यामुळे मिळाला. हे म्हणताना आम्ही बावीस ‘नाक’ नावांतले एकही नाव कमी करत नाही. विद्यार्थ्यांनी पुढच्या वर्षी भित्तिपत्रकावरची ओळ बदलली. नावाच्या शेजारी आता ‘८ महार’ असे लिहिलेले असते. मागच्या रांगेत अजूनही कोणीतरी नव्याने हसते आणि मग वरच्या वर्गातला कोणीतरी त्याला गप्प करतो.

शेवटी माजी विद्यार्थी आणि पालक यांना एक विनंती. कामठीला दुसरी पलटण उभी राहिली तेव्हा आणि त्यानंतरच्या काळात भरती झालेल्यांची घरे वर्धा, देवळी, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, सेलू या भागांत असतील. पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरी केलेली घरेही आहेत. २०१६ च्या ३१ मे रोजी तेथे आग विझवताना अधिकारी आणि अग्निशमन दलाचे जवान गेले, ती रात्र पुलगावकर विसरलेले नाहीत. अशा घरांतल्या लोखंडी पेट्यांमध्ये आजोबांचे सेवापुस्तक, पदके, निवृत्तिवेतनाचे कागद, पलटणीतून आलेली पत्रे, एखादे समूह छायाचित्र पडून असते. दरवर्षी पावसाळ्यात त्यांतले काही वाळवी खाते. कृपया ते फेकू नका आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. शाळेच्या ग्रंथालयात घेऊन या. आमचे विद्यार्थी त्यांची छायाचित्रे काढून घेतील, नाव, गाव आणि पलटण यांची नोंद करतील आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करतील. कागद अंधुक झालेला असला, मोडीत किंवा इंग्रजीत असला, तरी चालेल.